आमच्या घरची मोरी तुंबत नाही

६ जानेवारी, सोमवार

नोकरीभर दैनंदिनी लिहिली. "आज रोजी शाखा कालव्याची पाहणी केली. विसर्ग समाधानकारक." पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो, वरचा साहेब सही करे, अन् त्याले पुस्तकी मराठी लागे. आता वर कोणी साहेब नाही. आता हा मंगरू नंदेश्वर आपल्या बोलीत लिहीन अन् जे झालं तेच लिहीन.

माझ्या बायकोचं, धुरपताचं, भंडाऱ्याले मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डॉक्टरनं महिनाभर वाकू नका म्हटलं, वजन उचलू नका म्हटलं. तिले तृप्तीकडे ठेवलं. तृप्ती आमची पोरगी, तिथंच शाळेत मास्तरीण आहे. ती म्हणे, बाबा तुम्हीही राहा. मी म्हटलं, घर कोण पाहीन? आलो साकोलीले परत.

निघताना धुरपता डोळ्यावर काळा चष्मा घालून दारापर्यंत आली अन् म्हणाली, "अजी, मोरीकडे ध्यान ठेवजा."

मले हसू आलं. घर बांधून वीस वर्षं झाली, आमच्या न्हाणीची मोरी एकदा तुंबली नाही. पाइपाचा उतार मी स्वतः उभं राहून मिस्त्रीकडून काढून घेतला होता. मिस्त्री म्हणे चालते बाबूजी, मी म्हणे चालत नाही, पाणी चाललं पाहिजे. शेजारच्या भय्याजीची मोरी दर दोन महिन्याले तुंबते अन् वास आमच्या आंगणात येते. पाण्याची चाल मले कोणी शिकवू नये.

तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडून दोन वर्षं झाली. आज बस स्टँडवर एक घेतला, प्रवासाचा शीण होता म्हणून. तो धरू नये. न्हाणीचं दार लावून खाल्ला, जुनी सवय.

९ जानेवारी, गुरुवार

आज आंघोळ करताना पाणी पायाच्या घोट्याले लागलं. मी थांबलो. पाणीही थांबलं. दोघं एकमेकाकडे पाहत राहिलो.

माझ्या उतारात खोट नाही. पाणी भरलेली नळी लावून पुन्हा मोजला, बरोबर आहे. म्हणजे बाहेरून काही झालं. नगरपरिषदेनं मांगच्या महिन्यात रस्ता खोदला होता, तिथं पाइप दबला असन. नाही तं भय्याजीनं नवीन संडास बांधला, त्याचा काही संबंध असन. तिथं जाऊन पाहून आलो. पाइप दबलेला दिसला नाही. पण दिसत नाही म्हणजे नाही असं थोडंच आहे?

पाण्याचा ड्रम सरकवला तं मांगं सायकलच्या स्पोकचा एक आकडा सापडला. टोक वाकवलेलं, मुठीले लाल काठाची चिंधी गुंडाळलेली. मिस्त्री विसरून गेला असन. चांगली वस्तू आहे. दुपारी त्या आकड्यानं झाडाचे चार लिंबू पाडले.

धुरपताचा फोन आला. "मोरी पाहता ना?" मी म्हटलं, "सगळं ठीक." आजारी माणसाले खरं सांगून काय कराचं?

११ जानेवारी, शनिवार

पाणी उतरत नाही. सकाळी ओतलेलं पाणी संध्याकाळी तिथंच, वर साबणाची साय.

कमलेशले बोलावलं. नळ फिटिंगचा चांगला कारागीर. त्यानं दारातूनच पाहिलं अन् म्हणाला, "बाबूजी, जाळी उचला, तिच्या खालची न्हाणी ट्रॅपची वाटी फिरवून काढा, अन् हात घालून पाहा. केस असतीन."

"मी हात घालू?"

"मी तं नाही घालत. मी नळवाला होय, नालीवाला नाही. नगरपरिषदेचा माणूस आणतो उद्या. तो घालते बरोबर हात. चहापाण्याले द्या काही."

मी त्याले बसवलं अन् सांगितलं. ऐकून घे म्हटलं, मंग माणूस आणाच्या गोष्टी कर.

माझा बाप एकोडीचा. गावात ढोर मेलं का बोलावणं आमच्या दारी. छप्पन साली बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला. ढोर ओढाचा दोर खुंटीवरून काढला अन् गावच्या तलावात फेकला. मी लहान होतो, पाळीवर उभा राहून पाहिलं. बाप सगळ्याले ऐकू जाईन असा बोलला, "या हातानं आता कोणाची घाण उचलाची नाही." गावानं मजुरी बंद केली, दुकानदारानं मीठ बंद केलं. बापानं दोर पुन्हा हातात घेतला नाही. ते वाक्य मी जन्मभर पाळलं. नोकरीत एका साहेबानं मले म्हटलं होतं, नंदेश्वर, कालव्यात कुत्रं मेलं आहे, काढ. मी म्हटलं, लेखी द्या. त्यानं दिलं नाही, मी काढलं नाही. बढती दोन वर्षं अडली. अडू दे.

कमलेश म्हणाला, "मंग तुम्ही नका घालू हात. तो माणूस घालन ना."

"अबे, माझा बाप ज्याच्यातून बाहेर आला, त्याच्यात मी दुसऱ्याच्या पोराले उतरवू? चहापाण्याचे पैसे देऊन? माझा हात जाणार नाही, अन् माझ्या घरी त्याचाही जाणार नाही."

"मंग कोणाचा जाईन, बाबूजी? पाण्याचा?"

"हो. पाण्याचा."

त्यानं पिशवी उचलली. जाता जाता म्हणाला, पावडर टाकून पाहा दुकानातली. हे त्यानं आधीच सांगितलं असतं तं इतकं बोलाचं काम नव्हतं.

१२ जानेवारी, रविवार

पावडर टाकली. डब्यावर लिहिलं होतं दोन चमचे. मी पूर्ण डबा टाकला, अर्धवट काम मले आवडत नाही. गरम पाणी ओतलं. असा धूर निघाला का मी खोकत खोकत आंगणात आलो. अर्ध्या तासानं पाहिलं तं जाळी काळी पडली अन् पाणी जिथल्या तिथं. उलट आधी थोडं थोडं तरी झिरपत होतं, आता तेही बंद.

पण मी हरलो नाही. आंगणात नळ आहे. कालव्यावर असताना उघड्यावरच न्हात होतो.

१४ जानेवारी, मंगळवार

आंगणात आंघोळ. थंडी अशी का लोटा हातातून सुटे. मी मोठ्यानं मोजत मोजत पाणी घेतलं, म्हणजे दात वाजले तरी ऐकू येऊ नये.

नेमकी भय्याजीची बायको सुमनबाई तिळगूळ घेऊन फाटकात. "माय वं!" म्हणून पाठ फिरवून उभी राहिली. तिळगूळ फाटकावरच ठेवला. थोड्या वेळानं भय्याजी आला. माणूस वाईट नाही, तांदळाचा व्यापार आहे, सुखदुःखात धावून येते. भिंतीवर कोपर टेकवून म्हणाला, "बाबूजी, या वयात थंड्या पाण्यानं न्हाता, निमोनिया होईन. मोरी साफ करून घ्या ना कोणाकडून. तुमच्या तं ओळखीचा कोणी असनच."

"ओळखीचा म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यातला कोणी."

"माझ्यातले कोण आहेत सांगू? माझी पोरगी मास्तरीण. जावई बँकेत. पुतण्या नागपूरले वकील. याच्यातला कोण पाठवू तुमच्या मते?"

"तुम्ही तं चिडलेच. मी चांगल्यासाठी म्हटलं."

"मीही चांगल्यासाठीच सांगून राहिलो. भय्याजी, तुमची मोरी दर दोन महिन्याले तुंबते, तेव्हा मी कधी तुम्हाले विचारलं का, तुमच्यातला कोणी आहे का म्हणून?"

तो गेला. मी आणखी दोन लोटे घेतले, गरज नसताना. तिळगूळ खाल्ला. चांगला झाला होता, वेलची होती.

१६ जानेवारी, गुरुवार

सुमनबाईनं धुरपताले फोन करून सगळं सांगितलं. आता जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

"मोरी तुंबली म्हणे."

"थोडी."

"आंगणात न्हाता म्हणे, अर्ध्या चड्डीवर."

"सुमनबाईले दुसरे धंदे नाहीत."

"ड्रमच्या मांगं स्पोकचा आकडा आहे पाहा."

"तो तुझा होय?"

"मंग कोणाचा? तुम्ही मंगळवारी पेन्शनर संघात जात, तेव्हा मी जाळी उचलून काढत होती मोरी. कधी आकड्यानं निघे, कधी हात घालावा लागे."

मी खुर्चीवर बसलो. विचारलं, कधीपासून. म्हणाली, घर बांधलं तेव्हापासून.

"मले सांगितलं काहून नाही?"

"कसं सांगू? चहाले कोणी आलं का तुम्ही सुरू. आमच्या घरची मोरी तुंबत नाही, मी उतारच असा काढला. मी सैपाकघरात ऐकून राहिली अन् हाताले डेटॉल लावून राहिली. म्हटलं राहू द्या, त्यायची शान आहे."

मले राग आला. लिहितोच, लय राग आला. मी ओरडलो, "माझ्या घरात राहून माझ्या बापाचा शब्द तू मोडला?"

ती म्हणाली, "मामाजी काय म्हणले होते? पुरं म्हणा बरं एकदा."

मी म्हटलं. या हातानं आता कोणाची घाण उचलाची नाही.

"कोणाची म्हणजे दुसऱ्याची. आपली कुठं म्हणले ते? तुम्ही नोकरीवर होते, घरी कधी होते? मी नवीन नवरी एकोडीले आली, तं पहिल्याच पहाटे मामाजी फावडा घेऊन न्हाणीमांगची मोरी ओढून राहिले होते. मी धावली, म्हटलं द्या मामाजी, मी करतो. त्यायनं फावडा दिला नाही. म्हणाले, बाई, आपली घाण आपण काढली का माणूस लहान होत नाही. जगले तोवर ती मोरी त्यायनंच काढली. आत्याबाईले कधी हात लावू दिला नाही."

मी फोन दुसऱ्या कानाले लावला.

"अजी, ऐकून राहिले ना? तृप्ती मले सत्तावीसले आणून सोडणार होती. मले वाकता येत नाही, अन् एका डोळ्यानं त्या साचल्या पाण्यात मी पाय टाकणार नाही. मोरी निघाली तं येतो. नाही निघाली तं इथंच राहतो, तृप्तीले चालते. अन् कोणाले बोलवाचं नाही. कमलेशले नाही, नगरपरिषदेवाल्याले तं बिलकुल नाही. तुम्ही काढाची."

मी फोन ठेवून दिला.

१७ जानेवारी, शुक्रवार

फोन केला नाही. तिचाही आला नाही.

१९ जानेवारी, रविवार

बापानं फावडा धरला असन. पण ती मातीची मोरी होती, उघडी. न्हाणी ट्रॅप वेगळा. शिवाय धुरपताचं वय झालं, तिले आठवते ते बरोबरच असन असं कशावरून?

भात करपला. वरणात मीठ दोनदा पडलं. चहा सवयीनं दोघांचा मांडला अन् दोन्ही कप रागारागात मीच प्यालो. तिच्या खाटेवरची गोधडी कोणी उचलली नाही, मीही नाही. भय्याजीच्या घरातून भांड्यायचा आवाज येते, सुमनबाई त्याले शिव्या देते, तो हसते. आमच्या घरात नळाचा थेंब पडते तेवढाच आवाज.

एकोडीले जुना शेजारी आहे, भोजराज. त्याले फोन लावला. इकडचं तिकडचं विचारलं, धान काय भावानं गेला, गुडघे कसे आहेत. मंग सहज विचारल्यासारखं विचारलं, माझा बाप न्हाणीमांगची मोरी साफ करे का रे? तो हसला. म्हणाला, "करे म्हणजे? पहाटे त्याच्या फावड्याच्या आवाजानं आमचा कोंबडा जागा होये. तुले माहीत नाही?"

मले माहीत नव्हतं. बापानं दोर फेकला ते मी पाहिलं. फावडा धरला ते पाहाले मी घरी नव्हतो, सुट्टीत गेलो का दुपारपर्यंत झोपून राहत होतो.

मले धुरपता घरी पाहिजे. लिहून टाकलं.

२१ जानेवारी, मंगळवार

आज पेन्शनर संघात गेलो नाही.

धोतराचा काचा मारला. हाताले प्लास्टिकची पिशवी बांधली. आधी लोट्यानं साचलेलं पाणी उपसून लिंबाच्या बुडाशी न टाकता बाहेर नालीत टाकलं, त्यात पावडर होती. मंग पंधरा-वीस बादल्या साधं पाणी ओतलं अन् उपसलं. जाळी उचलली. वाटी फिरवली, ती फिरेना, आकड्याची मूठ अडकवून फिरवली. निघाली.

वास असा आला का मी उठून आंगणात गेलो अन् पुन्हा आलो. तीनदा असंच झालं. चौथ्यांदा स्वतःलेच म्हटलं, मंगरू, बस आता, तुझा बाप फावडा ठेवून पळत नव्हता.

आकडा चालला नाही. खाली माझ्याच पावडरनं साबण अन् केस मिळून गोटा झाला होता. आकडा वरच्या वर खरवडे. शेवटी हात घातला. पिशवी पहिल्याच झटक्यात फाटली. मी ती काढून फेकली अन् उघडा हात कोपरापर्यंत आत घातला.

खरं सांगतो, घाण वाटली. पण तेवढीच वाटली. आभाळ पडलं नाही.

गोटा फोडून फोडून काढला. धुरपताचे लांब पांढरे केस, माझ्या दाढीचे खुंट, शाम्पूच्या पुडीचं टोक, ब्लाउजचं एक हूक. अन् त्याच्या खाली खर्ऱ्याच्या प्लास्टिकच्या पन्न्या. एक नाही, चांगली मूठभर. दोन वर्षं मी खर्रा सोडला आहे. शेजारच्या पाइपातून उलट्या आल्या असतीन. भय्याजी खाते. आमचे पाइप वेगळे आहेत हे मले माहीत आहे, पण पाणी कुठून कुठं जाईन सांगता येत नाही. त्या पन्न्या मी वेगळ्या बांधून लांबच्या कचरापेटीत टाकल्या. धुरपताले दर मंगळवारी काय काय सापडत असन, हे मी विचारणार नाही.

एक बादली ओतली. पाणी थोडं थांबलं, मंग असं घुर्र करून गेलं का मी आपोआप "शाबास!" म्हणून ओरडलो. गेट उघडल्यावर कालव्यात पाण्याचा पहिला लोट असाच सुटे, तेव्हा ओरडत होतो आम्ही सगळे.

ओरडणं ऐकून भय्याजी भिंतीवर. मी तसाच, कोपरापर्यंत काळा.

"बाबूजी! तुम्ही स्वतः?"

"हो, मी स्वतः. माझी मोरी, माझा हात. काही म्हणणं आहे?"

"नाही नाही." मंग अगदी गोड आवाजात म्हणाला, "आता हात भरलेलाच आहे तं आमचीही पाहून द्या ना. कालपासून पाणी उभं आहे. आपलंच घर समजा."

मी न्हाणीत गेलो, आकडा स्वच्छ धुतला अन् भिंतीवरून त्याच्या हातात दिला. "आकडा घेऊन जा. जाळी उचलाची, वाटी उजवीकडे फिरवाची. तिथून पुढं तुमचा हात."

"मी? बाबूजी, मी कधी असं काम..."

"मीही कधी नाही. आजच शिकलो. भिंतीच्या अलीकडून सांगतो, अडलं तं आवाज द्या. पण हात तुमचा."

तो आकड्याकडे पाहत राहिला. सुमनबाई मांगून आली. तिनं आकडा नवऱ्याच्या हातात नीट धरवला अन् त्याले न्हाणीकडे ढकललं. थोड्या वेळानं तिकडून ओकारीचा आवाज आला, मंग शिव्या, मंग पुन्हा ओकारी. मी भिंतीशी खुर्ची टाकून बसलो अन् सांगत राहिलो. उजवीकडे, भय्याजी, उजवीकडे. हां. आता आणखी आत.

संध्याकाळी धुरपताले फोन केला. "निघाली," म्हटलं. ती "बरं" म्हणाली. बाकी काही विचारलं नाही. मले वाटलं होतं विचारन.

२७ जानेवारी, सोमवार

तृप्ती तिले घेऊन आली. काळा चष्मा, हातात औषधाची पिशवी, चालणं सावकाश. मी फाटकापासून हात धरला. तिनं धरू दिला.

पाणी प्याली नाही, बसली नाही, थेट न्हाणीच्या दारात. मी फरशी घासून ठेवली होती, जाळी नवीन बसवली होती. ती उंबऱ्यावरच थांबली. मले वाटलं बादली मागन, पाहून घेईन, खोट काढन. मनातून धाकधूक होती, साहेब पाहणीले आला का व्हायची तशीच.

"तुम्ही आत जा," ती म्हणाली. "बादली ओता. मी इथं उभी राहून ऐकतो."

मी ओतली. पाणी घुर्र करून गेलं. ती भिंतीले टेकून, मान थोडी वाकडी करून ऐकत होती.

"आणखी एक ओता."

ओतली. तृप्ती मांगून म्हणाली, आई, बस ना आता, चहा घे. तिनं हात वर करून तिले गप्प केलं. पाणी पूर्ण उतरेपर्यंत ऐकलं.

"इतक्या वर्षांत बाहेरून नाही ऐकलं कधी," ती म्हणाली. "चांगला वाटते आवाज."

मी म्हटलं, "डॉक्टरचा महिना आणखी थोडाच राहिला. तोवर मी काढत जाईन."

"डॉक्टरनं महिनाभर वाकू नका म्हटलं," ती म्हणाली. "पुढचं मी ठरवलं. मी आता वाकत नाही."

मी न्हाणीत उभा होतो, पाय ओले, हातात रिकामी बादली. तृप्ती माझ्याकडे पाहून राहिली होती. मी नळ सोडला अन् बादली पुन्हा भराले लावली.